वावरात किती आलं, वावरातून किती गेलं: अन्नद्रव्यांचा किलोतला हिशोब आणि तो ठेवणारं सॉफ्टवेअर

आपल्याकडे कोणत्याही कास्तकाराला विचारा की यंदा सोयाबीनला काय टाकलं, तो लगेच सांगेल, एकरी एक बॅग डीएपी, पेरणीसोबत. कपाशीला किती युरिया, संत्र्याला झाडामागे किती, सगळं तोंडपाठ असतं. पण त्याच वावरातून पोत्यांत भरून किती नत्र (नायट्रोजन), किती स्फुरद (फॉस्फरस), किती पालाश (पोटॅश) नागपूरच्या कळमना बाजारात गेलं हे विचारलं तर सांगता येत नाही, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. कृषी केंद्रवाला विचारत नाही, अडत्या विचारत नाही, मृद आरोग्य पत्रिकेवरही तसा रकाना नाही. शेतातली अन्नद्रव्यं मोजणारी जी सॉफ्टवेअर आणि ॲप असतात ती हाच रकाना भरण्यासाठी आहेत. खताची बाजू आपल्याला आधीच येते, शिकायची आहे ती जाण्याची बाजू, म्हणून मी इथे जास्त त्याच्यावरच लिहिणार आहे.

सॉफ्टवेअरच्या आत असतं काय, तर एक मोठा तक्ता. कोणत्या वस्तूत किलोमागे किती नत्र, स्फुरद, पालाश आहे ते त्यात भरलेलं असतं. तुम्ही लिहायचं "डीएपी, 1 बॅग", ते 50 किलोला 18 टक्के आणि 46 टक्क्यांनी गुणून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद जमेला धरतं. युरियाची 45 किलोची बॅग लिहिली की 46 टक्क्यांनी साधारण 20.7 किलो नत्र. इथवर काही विशेष नाही, हे बॅगवरच छापलेलं असतं. खरं काम पुढे आहे, "सोयाबीन, 8 क्विंटल विकलं" असं लिहिल्यावर त्याने त्या 8 क्विंटलचंही तसंच विघटन करून दाखवायला पाहिजे.

एका एकराचं करूनच बघू. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं भरपूर, जवळपास 40 टक्के, आणि प्रथिन म्हटलं की नत्र आलंच, म्हणून एका क्विंटल दाण्यात सुमारे 6 किलो नत्र असतं, सव्वा किलोच्या आसपास स्फुरद आणि 2 किलोच्या आसपास पालाश. 8 क्विंटल झालं तर वावरातून 48 किलो नत्र, 10 किलो स्फुरद, 16 किलो पालाश गेलं. आलं किती? एक बॅग डीएपी, म्हणजे 9 किलो नत्र, 23 किलो स्फुरद, पालाश शून्य. आता सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र घेतात, आणि झाडाला लागणाऱ्या एकूण नत्रापैकी साधारण निम्मं तिथून येतं असं धरतात. दाणा, पाला, काडी, मुळं सगळं मिळून झाडाने 64 किलो नत्र घेतलं असं समजा, तर 32 किलो हवेतून आलं. म्हणजे नत्राची जमा 41 आणि नावे, म्हणजे गेलेलं, 48, थोडं उणे. स्फुरद 13 किलो शिल्लक. आणि पालाश सरळ 16 किलो उणे, दरवर्षी, जितकी वर्षं तुम्ही फक्त डीएपीवर सोयाबीन घेताय तितकी वर्षं.

आणि हे फक्त दाण्याचं झालं. थ्रेशरमधून निघालेलं कुटार, म्हणजे शेंगांची टरफलं नि काडीचा भुसा, कुठे गेलं हे विचारायचं राहिलं. कुटाराच्या क्विंटलमागे आणखी किलो-दीड किलो पालाश असतं, थोडं नत्रही असतं, आणि ते जर ढोरांसाठी घरी नेलं किंवा कोणाला विकलं तर तेही नावे लिहावं लागतं, 8-10 क्विंटल कुटाराचे सहज 10 किलो पालाश. हार्वेस्टरने काढलं आणि कुटार वावरातच पसरलं तर मात्र ते नावे नाही. तोच वाण, तीच बॅग, तेच उत्पन्न, आणि कुटार कुठे गेलं एवढ्यावर दोन शेजाऱ्यांचा हिशोब वेगळा निघतो.

मग लोक म्हणतात, भाऊ, आम्ही इतक्या वर्षांत पालाश टाकलंच नाही, वावर तर पिकतेच आहे. बरोबर आहे, आणि याचं कारण आपल्या काळ्या मातीत आहे. आपल्या मातीत पालाशचा साठा मुळात मोठा, मृद परीक्षणात हेक्टरी 280 किलोच्या वर उपलब्ध पालाश असेल तर "जास्त" लिहून येतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तसंच लिहिलेलं दिसतं. शिवाय या चिकण मातीच्या खनिजांच्या आत अडकलेलं पालाश हळूहळू सुटत राहतं, म्हणून 16 किलो गेलं की कार्डावरचा आकडा लगेच 16 ने खाली येत नाही. म्हणजे कार्डावर वर्षानुवर्षं "जास्त" दिसत राहतं आणि खालचा साठा मात्र कमी होत असतो. मातीपरीक्षण म्हणजे बँकेतला आजचा बॅलन्स आणि सॉफ्टवेअर म्हणजे पासबुकातल्या नोंदी, असं समजा. बॅलन्स मोठा असला तरी दरवर्षी काढणंच चालू आहे हे नोंदींशिवाय कळत नाही. म्हणून दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 मध्ये सुरू झाली, त्यात 12 गोष्टी तपासतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली सॉफ्टवेअर हे 12 आकडे सुरुवातीलाच मागतात आणि त्यावरून पुढच्या नोंदी चालू करतात. इथे एक गडबड नेहमी होते, कार्डावर आकडे हेक्टरी असतात, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये, आणि आपण बोलतो एकरात. एकरी 16 किलो पालाश उणे म्हणजे हेक्टरी 40 किलो. एकर-हेक्टर मिसळलं की अडीच पट चूक होते आणि स्क्रीनवर ती चूक दिसतही नाही, कारण मशीन जे दिलं त्यावर गुणाकार करून मोकळं होतं.

दुसरी गडबड यापेक्षा वाईट आहे. बॅगवरचं 46 टक्के स्फुरद हे शुद्ध फॉस्फरस नसतं, ते त्याच्या ऑक्साईडच्या रूपात मोजलेलं असतं, तशी पद्धतच आहे. शुद्ध फॉस्फरस काढायचा तर 0.44 ने गुणायचं, म्हणजे बॅगमधले 23 किलो प्रत्यक्षात 10 किलोच निघतात. पालाशचंही तसंच, तिथे 0.83 ने गुणतात. बाहेरच्या देशांतली बरीच सॉफ्टवेअर शुद्ध मूलद्रव्यात हिशोब करतात, आपली खतं ऑक्साईडमध्ये. आता कोणी जमा बॅगवरून ऑक्साईडमध्ये घेतली आणि नावेचा आकडा परदेशी तक्त्यातून शुद्ध फॉस्फरसमध्ये घेतला, तर वर काढलेली 13 किलोची शिल्लक एकदम साडेअठरा दिसायला लागते. कोणतंही ॲप घेतलं तरी पहिल्या दिवशी हे तपासा, एक बॅग डीएपी लिहून बघा, 23 दाखवतं की 10, आणि मग 1 क्विंटल सोयाबीन विकल्याचं लिहून तोच आकडा त्याच मापात येतोय का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता कपाशी, कारण ती फार वेगळी वागते. कापसाचा धागा जवळजवळ सगळा सेल्युलोज, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, हे सगळं हवा-पाण्यातून आलेलं, त्यात नत्र-पालाश नावालाच. जातं ते सरकीतून. एक क्विंटल कापसात साधारण 34-35 किलो रुई आणि 65 किलोच्या आसपास सरकी, सरकीत साडेतीन टक्क्यांच्या आसपास नत्र, म्हणजे क्विंटलमागे सव्वादोन किलो. एकरी 8 क्विंटल कापूस झाला तर 18 किलो नत्र जिनिंगला गेलं. रुईचा भाव कितीही असो, वावराच्या हिशोबात रुई जवळपास फुकट आहे आणि सरकी महाग.

तीच सरकी पुढे तेलघाणीत जाते आणि ढेप होऊन परत आपल्याच गोठ्यात येते. इथे सॉफ्टवेअर तुम्हाला एक प्रश्न विचारतं आणि बहुतेक लोक त्याच्यावर न वाचता पुढे टिचकी मारतात: हद्द कोणती धरायची? वावराची हद्द की सगळ्या शेतीची, म्हणजे गोठ्यासकट फाटकाची? वावराची धरली तर कुटार घरी आलं म्हणजे गेलं, शेणखत टाकलं म्हणजे आलं. फाटकाची धरली तर कुटार आणि शेणखत दोन्ही आतल्या आत फिरतंय, त्याची नोंदच नाही, पण विकत आणलेली ढेप मात्र जमा आणि विकलेलं दूध नावे. दोन्ही हिशोब खरे आहेत, पण उत्तरं वेगळ्या प्रश्नांची आहेत. कोणत्या वावरात काय टाकायचं हे ठरवायचं असेल तर वावराची हद्द घ्या, सगळी शेती मिळून कंगाल होतेय का श्रीमंत हे बघायचं असेल तर फाटकाची. अर्ध्या नोंदी एका हद्दीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या, असं मात्र चालत नाही, त्याने शेणखत दोनदा मोजलं जातं.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांचंही यातच येतं. रोटाव्हेटर किंवा श्रेडर फिरवून वावरातच मिसळली तर काही गेलं नाही. चुलीसाठी नेली तर गेली. आणि उपटून धुऱ्यावर (बांधावर) ढीग करून पेटवली तर नत्र आणि गंधक बहुतांश हवेत गेलं, पालाश-स्फुरद राखेत राहिलं, पण ते सगळं धुऱ्याच्या त्या दोन गुंठ्यांवर, पिकाच्या ओळींमध्ये काहीच नाही. सॉफ्टवेअरला "जाळली" एवढंच सांगितलं तर ते पालाश वावराला परत जमा करेल, म्हणून कुठे जाळली तेही लिहा.

शेणखत हा सगळ्यात कच्चा आकडा. पुस्तकात शेणखतात अर्धा टक्का नत्र, त्याहून कमी स्फुरद, अर्धा टक्का पालाश असं असतं, त्या हिशोबाने 3 टनाच्या ट्रॉलीत 15 किलो नत्र. पण ट्रॉली 3 टन आहे हे कोणी वजन करून पाहिलेलं नसतं, उकिरडा पावसात उघडा होता का, त्यात माती किती, ओलावा किती, यावर 15 चे 7 ही होऊ शकतात. आणि जे असतं त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला थोडंच लागू पडतं, बाकी पुढच्या वर्षांत. एक सरळ उपाय आहे, एकदा एक ट्रॉली धरमकाट्यावर न्या, आणि एकदा तुमच्याच उकिरड्याचा नमुना लॅबमध्ये द्या, ते दोन आकडे सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकातल्या आकड्यांच्या जागी टाका. बाकी सगळ्या नोंदींत तुम्ही कितीही काटेकोर असा, हा आकडा ढोबळ असेल तर उत्तर ढोबळच येणार.

संत्र्याकडे येतो, कारण काटोल-नरखेड-कळमेश्वर पट्ट्यात या हिशोबाची सगळ्यात जास्त गरज मला तिथेच वाटते. एक टन संत्र्यात दीड-दोन किलो नत्र आणि दोन-अडीच किलो पालाश, बस. फळ म्हणजे जास्त करून पाणीच. समजा एकरात 110 झाडं, 4 टन माल निघाला, तर 6 ते 8 किलो नत्र आणि 8 ते 10 किलो पालाश गाडीत गेलं. आता झाडामागे 600 ग्रॅम नत्र दिलं तर एकरी 66 किलो होतं. 66 आत, 8 बाहेर. सॉफ्टवेअर लाल रंगात 58 किलो शिल्लक दाखवतं आणि कास्तकार म्हणतो हे चुकलंय. पूर्ण चुकलेलं नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. झाड वाढतं, खोडात-फांद्यांत-मुळांत नत्र साठवतं, पानं गळून परत मातीत जातात, तर त्या 58 मधला काही भाग झाडातच आहे. सोयाबीनसारख्या चार महिन्यांच्या पिकासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर बागेला लावलं तर ते हा साठा धरतच नाही. म्हणून बागेसाठी असं ॲप बघा ज्यात झाडाचं वय विचारतात, आणि सोबत पानांची तपासणी करा. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरी संत्र्यावरही काम करते, पान नेमकं कोणतं आणि कधी तोडायचं हे त्यांच्याकडून समजून घ्या, कारण चुकीच्या वयाचं पान दिलं तर रिपोर्टही चुकीचाच येतो.

पण झाडातला साठा धरूनही जे उरतं ते कुठे जातं? काही हवेत, कारण आपल्या मातीचा सामू 8 च्या आसपास असतो आणि अशा मातीवर युरिया वरून फेकून तसाच ठेवला तर अमोनिया होऊन उडतो. काही पाण्यासोबत खाली, विहिरीत. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे वर्धा, अमरावती, यवतमाळ आहेत, बुलढाणाही आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि त्यावर जास्त असलं की तान्ह्या लेकरांना त्रास होतो, त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. खताच्या हिशोबातली ही बाजू माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे, कारण वावरातली शिल्लक एकट्या मालकाची राहत नाही, गावाच्या पाण्यात येते.

आणि त्याच विहिरीचं पाणी आपण परत बागेला देतो, म्हणजे ते जमेला धरायला पाहिजे! लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं 10 लाख लिटर पाणी ओलिताला दिलं तर 45 किलो नायट्रेट गेलं, त्यात शुद्ध नत्र 10 किलोच्या वर. अर्ध्या बॅग युरियाइतकं नत्र फुकट मिळालंय आणि कोणी मोजलं नाही. पाण्याची तपासणी करून तो आकडा टाकायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त ती "इतर" मध्ये कुठेतरी लपलेली असते. शोधा.

बाहेरच्या देशांनी हा प्रयोग आधी केलाय आणि त्यांचं काय झालं ते आपल्या उपयोगाचं आहे. नेदरलँड्समध्ये 1998 पासून मिनास नावाची पद्धत होती, फाटकाच्या हद्दीवर नत्र-फॉस्फेटचा हिशोब द्यायचा आणि ठरलेल्यापेक्षा जास्त शिल्लक राहिली तर पैसे भरायचे. 2003 मध्ये युरोपच्या न्यायालयाने ती युरोपच्या नायट्रेट नियमात बसत नाही म्हणून सांगितलं आणि 2006 पासून ती बंद झाली. न्यूझीलंडमध्ये ओव्हरसीअर नावाचं सॉफ्टवेअर आहे, तिथल्या काही प्रादेशिक कौन्सिल नत्राच्या गळतीचे नियम लावायला ते वापरत होत्या, पण 2021 मध्ये सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने सांगितलं की गळतीच्या त्याच्या अंदाजांवर भरवसा ठेवता येत नाही. जमा-नावेचा हिशोब हा बिल-पावत्यांवर चालतो, तो पक्का असतो. गळती आणि उडून जाणं हे मॉडेलचा अंदाज असतं, तो पावसावर, मातीवर, तारखेवर हलतो. म्हणून ॲप "तुमच्या वावरातून 11.3 किलो नत्र झिरपलं" असं दशांशात सांगायला लागलं तर त्या दशांशाला महत्त्व देऊ नका. शिल्लक किती आणि ती वाढतेय की कमी होतेय हे बघा.

तेही एका वर्षावरून नाही. 2023 ला पिवळा मोझॅक हा रोग आला तेव्हा किती जणांच्या सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. खत तेवढंच टाकलं, माल निघाला नाही, तर त्या वर्षी हिशोबात मोठी शिल्लक दिसणारच. ती खत जास्त झाल्याची खूण नाही, ते वर्षच तसं होतं. तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यायची, आणि ज्या वर्षी पीक गेलं तिथे तशी टीप लिहून ठेवायची, कारण चार वर्षांनी आठवत नाही.

नोंदीसाठी लागणारे कागद खरं तर बहुतेकांच्या घरी आहेतच. अनुदानाचं खत कृषी केंद्रातून पॉस मशीनवर नोंद करूनच मिळतं, त्याची पावती निघते, त्यावर कोणतं खत, किती बॅग सगळं असतं. आणि कळमन्याला माल नेला की काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, मिळते. एक कागद जमेचा, एक नावेचा. फक्त काटापट्टीवर कोणत्या वावराचा माल ते नसतं, दोन वावरांचा माल एकाच गाडीत गेला की वेगळं करता येत नाही, म्हणून पोती भरतानाच वावराप्रमाणे मोजून मोबाईलमध्ये टाकलेली बरी. ई-पीक पाहणीमुळे गट नंबर टाकून पीक नोंदवायची सवय आपल्याला झालेलीच आहे, त्यापेक्षा हे अवघड नाही.

ॲप निवडताना एक फरक लक्षात घ्या. काही ॲप सल्ला देतात, म्हणजे पीक आणि माती सांगितली की किती खत टाका ते सांगतात. काही हिशोब ठेवतात. दोन्हीचं काम वेगळं आहे, आणि सल्ला देणारं ॲप जर खत विकणाऱ्याचंच असेल तर त्याच्या सल्ल्यासोबत आपला स्वतःचा हिशोब जवळ असलेला बरा. दोन-तीन वावरं असतील तर मोबाईलवरची साधी शीटही पुरते: एका पानावर तक्ता, कोणत्या वस्तूत किती टक्के, दुसऱ्या पानावर तारीख, गट नंबर, काय आलं किंवा गेलं, किती किलो, आणि तिसऱ्यावर बेरीज. विकतचं ॲप घ्यायचं तर आधी बघा की कोणत्या पिकाला ते क्विंटलमागे किती किलो धरतंय हे उघड दाखवतं का, तुमच्या लॅबचा आकडा त्यात बदलून टाकता येतो का, आणि सगळ्या नोंदी फाईल करून बाहेर काढता येतात का. यातलं एकही होत नसेल तर ते ॲप राहू द्या, शीटच ठेवा, आणि यंदा सोयाबीन निघालं की पहिली नोंद कुटाराची करा.